लँगम्युअर प्रोब म्हणजे काय? एका साध्या तारेने प्लाझ्मा कसा मोजतात

तुमच्या हातातल्या फोनचा प्लाझ्माशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. पहिला कारखान्यात. फोनमधल्या चिपवरची नॅनोमीटर मापाची नक्षी कोरायला कुठलीही छिन्नी किंवा ॲसिडचं भांडं पुरत नाही, ती प्लाझ्माने कोरली जाते. दुसरा संबंध रोजचा. मॅपवर निळा ठिपका दिसण्यासाठी जीपीएसचा सिग्नल सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतो आणि वाटेत आयनोस्फिअर नावाच्या प्लाझ्माच्या थरातून जातो. तो थर सिग्नलला थोडा उशीर करतो आणि तेवढा तुमचा ठिपका सरकतो.

दोन्हीकडे इंजिनिअरला एकच प्रश्न पडतो: या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन किती आहेत आणि ते किती गरम आहेत? याचं उत्तर देणारं सर्वात जुनं आणि आजही वापरात असलेलं साधन म्हणजे लँगम्युअर प्रोब. दिसायला ते अगदीच साधं, धातूची एक तार किंवा गोळी. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही अशीच एक गोळी होती.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, फिजिक्सवाला नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका प्रोबच्या डेटासाठी कोड लिहिताना या विषयात शिरलो आणि तिथे एक चांगलीच चूक केली. ती पुढे सांगतो, कारण प्रोब समजून घ्यायला तीच सर्वात उपयोगी पडते.

प्लाझ्मात नेमकं काय मोजायचं?

वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. मागे उरतो तो धन भार असलेला आयन. मोकळे इलेक्ट्रॉन, आयन आणि उरलेले साधे अणू यांचं हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. ट्यूबलाइट, वीज, सूर्य, आयनोस्फिअर, सौरवारा ही सगळी प्लाझ्माचीच रूपं.

प्रोबने मुख्यतः या गोष्टी काढतात:

• इलेक्ट्रॉन घनता: एका घनमीटरमध्ये (किंवा घनसेंटिमीटरमध्ये) किती मोकळे इलेक्ट्रॉन आहेत.
• इलेक्ट्रॉन तापमान: ते सरासरी किती ऊर्जेने धावत आहेत. हे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सांगतात. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन.
• प्लाझ्मा पोटेन्शियल: प्लाझ्माचा स्वतःचा व्होल्टेज.
• फ्लोटिंग पोटेन्शियल: प्लाझ्मात नुसती सोडून दिलेली, कशालाही न जोडलेली वस्तू ज्या व्होल्टेजवर स्थिरावते तो.

मग थर्मामीटर का नाही चालत? ट्यूबलाइटचं उदाहरण घ्या. तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतं, म्हणजे ११,००० केल्विनच्या वर. तरी काच हाताला फक्त कोमट लागते. कारण इलेक्ट्रॉन अतिशय हलके आणि आतला वायू अतिशय विरळ. थर्मामीटर घातला तर तो वायूचं तापमान दाखवेल, इलेक्ट्रॉनांचं नाही.

हे साधन आलं कुठून?

अर्व्हिंग लँगम्युअर हे अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत. दिवे आणि पाऱ्याच्या वाफेतले विद्युत डिस्चार्ज हा त्यांचा रोजचा विषय. १९२० च्या दशकात त्यांनी हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांच्यासोबत डिस्चार्जमध्ये छोटा इलेक्ट्रोड घालून, त्यावरचा व्होल्टेज बदलत जाऊन, येणारा करंट मोजायची पद्धत बसवली. १९२८ मध्ये या अवस्थेसाठी ‘प्लाझ्मा’ हा शब्दही लँगम्युअर यांनीच वापरात आणला. त्यांना १९३२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रावरच्या कामासाठी, प्रोबसाठी नव्हे.

तत्त्व: व्होल्टेज फिरवा, करंट बघा

घाटात जॅम सुटला की बाईकवाले आधी टोलनाक्यावर पोचतात, ट्रक मागून येतात. प्लाझ्मात इलेक्ट्रॉन म्हणजे बाईक आणि आयन म्हणजे ट्रक. आर्गॉनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३,००० पट जड असतो. त्यामुळे प्लाझ्मात धातूची तार नुसती ठेवली तर आधी तिच्यावर इलेक्ट्रॉन येऊन आदळतात आणि ती ऋण होते. ऋण झाली की ती पुढच्या इलेक्ट्रॉनांना ढकलू लागते आणि आयनांना ओढू लागते. दोघांचं येणं सारखं झालं की व्होल्टेज स्थिर होतो. हाच फ्लोटिंग पोटेन्शियल. आर्गॉन प्लाझ्मात तो प्लाझ्मा पोटेन्शियलच्या खाली, इलेक्ट्रॉन तापमानाच्या सुमारे पाचपट व्होल्टवर असतो. म्हणजे तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर साधारण १५ व्होल्ट खाली.

आता तारेला बाहेरून पॉवर सप्लाय जोडा आणि व्होल्टेज खूप ऋणपासून धनपर्यंत हळूहळू वाढवा. करंटचा आलेख तीन भागांत दिसतो:

१) आयन सॅच्युरेशन. तार खूप ऋण असते, तेव्हा सगळे इलेक्ट्रॉन परत फिरतात. फक्त आयन येतात. करंट छोटा आणि जवळजवळ स्थिर.

२) चढाचा भाग. व्होल्टेज वाढला की आधी सर्वात जोरात धावणारे इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचू लागतात, मग त्यांच्याहून थोडे हळू. करंट घातांकी पद्धतीने वाढतो. तापमान या भागात लपलेलं असतं.

३) इलेक्ट्रॉन सॅच्युरेशन. प्लाझ्मा पोटेन्शियल ओलांडला की कुणालाच अडवायचं उरत नाही. जेवढे इलेक्ट्रॉन येऊ शकतात तेवढे येतात. आलेखात इथे एक ‘गुडघा’ दिसतो. हा गुडघा म्हणजेच प्लाझ्मा पोटेन्शियल.

एक छोटं गणित करू

समजा चढाच्या भागात व्होल्टेज ३ व्होल्टने वाढवल्यावर इलेक्ट्रॉन करंट ०.२ मिलिॲम्पिअरवरून ०.५४ मिलिॲम्पिअर झाला. म्हणजे २.७ पट. नैसर्गिक लॉगरिदमचा पाया २.७१८ आहे. करंट एवढ्या पटीने वाढायला जितके व्होल्ट लागतात, तितके इलेक्ट्रॉनव्होल्ट हे इलेक्ट्रॉन तापमान. इथे उत्तर ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ३५,००० केल्विन. कोडमध्ये सांगायचं तर करंटचा लॉग घ्या, सरळ रेषा बसवा, उताराचा व्यस्त घ्या. पायथनमध्ये दहा ओळीसुद्धा लागत नाहीत.

तापमान कळलं की घनता काढता येते. आयन सॅच्युरेशन करंट हा घनता, तारेचं क्षेत्रफळ आणि आयनांचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि तो वेग इलेक्ट्रॉन तापमानावरून निघतो. ०.३ मिलिमीटर जाड आणि ५ मिलिमीटर लांब तार, आर्गॉन, ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि घनमीटरला १०,००० लाख कोटी इलेक्ट्रॉन (१ वर १६ शून्यं) असं धरलं, तर आयन करंट सुमारे १२ मायक्रोॲम्पिअर येतो. त्याच तारेवर इलेक्ट्रॉन सॅच्युरेशन करंट मात्र सुमारे २ मिलिॲम्पिअर. एकाच आलेखाच्या दोन टोकांत जवळपास १८० पटींचा फरक! म्हणून प्रोबच्या इलेक्ट्रॉनिक्सला अगदी छोटे आणि बरेच मोठे करंट एकाच फेरीत मोजावे लागतात.

डिबाय लांबी: प्रोबचा आकार कोण ठरवतं?

प्लाझ्मात कुठलीही भारित वस्तू ठेवली की आजूबाजूचे भार तिच्याभोवती एक पडदा तयार करतात. पडद्याच्या बाहेर त्या वस्तूचा प्रभाव जवळजवळ संपतो. या पडद्याच्या जाडीचं माप म्हणजे डिबाय लांबी. प्लाझ्मा गरम असेल तर ती वाढते, दाट असेल तर कमी होते.

अंदाज यावा म्हणून काही आकडे:

• वर हिशेबात घेतलेला प्रयोगशाळेतला प्लाझ्मा: सुमारे ०.१३ मिलिमीटर.
• आयनोस्फिअरचा दाट भाग (०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, घनसेंटिमीटरला १० लाख इलेक्ट्रॉन): सुमारे अडीच मिलिमीटर.
• पृथ्वीजवळचा सौरवारा (१० इलेक्ट्रॉनव्होल्ट, घनसेंटिमीटरला ५ इलेक्ट्रॉन): सुमारे १० मीटर.

म्हणजे टेबलावर प्रोबभोवतीचा पडदा केसाएवढा, तर सौरवाऱ्यात तोच पडदा अख्ख्या उपग्रहापेक्षा मोठा. त्यामुळे एकच सूत्र सगळीकडे चालत नाही. पडदा प्रोबपेक्षा खूप पातळ असेल तर एक सिद्धांत, खूप जाड असेल तर दुसरा. चुकीचा सिद्धांत लावला तर कोड एरर न देता, शांतपणे चुकीचा आकडा देतो.

प्रयोगशाळेतला प्रोब

टोक साधारण टंगस्टनचं असतं, कारण ते ३,४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. बाकीची तार ॲल्युमिना सिरॅमिकच्या नळीत असते, म्हणजे करंट फक्त उघड्या टोकावरच येतो आणि क्षेत्रफळ नक्की माहीत असतं. प्रोब छोटा ठेवावाच लागतो. मोठा ठेवला तर तो स्वतःच प्लाझ्मा शोषून घेतो आणि मग तुम्ही प्रोबने बिघडवलेला प्लाझ्मा मोजता.

चिप बनवण्याच्या आणि तशा बऱ्याच प्रयोगांच्या यंत्रांत प्लाझ्मा १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनी पेटवतात. गंमत म्हणजे फोन टॅप करून पेमेंट करताना एनएफसी हीच फ्रिक्वेन्सी वापरतं, कारण हा पट्टा औद्योगिक वापरासाठी राखलेला आहे. पण प्रोबसाठी ही डोकेदुखी आहे. प्लाझ्मा पोटेन्शियल सेकंदाला १ कोटी ३५ लाखांहून जास्त वेळा वरखाली होतो, आलेखाचा चढ त्यामुळे पसरट होतो आणि तापमान खोटं जास्त दिसतं. उपाय म्हणजे प्रोबच्या टोकाजवळच चोक बसवायचे आणि एक जास्तीचा इलेक्ट्रोड जोडायचा, म्हणजे टोक प्लाझ्माबरोबर वरखाली होतं आणि दोघांतला फरक स्थिर राहतो. याला आरएफ कॉम्पेन्सेशन म्हणतात.

फ्यूजन संशोधनातही प्रोब लागतात. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये आदित्य टोकामॅक १९८९ पासून आहे. अशा यंत्रांत प्रोब फक्त कडेच्या, तुलनेने थंड प्लाझ्मात घालतात. गाभ्यात घातला तर प्रोब वितळेल आणि त्याचे अणू प्लाझ्माही बिघडवतील. गाभ्याचं तापमान लेझरने, इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशातून काढतात. १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ असं लेझर उपकरण घेऊन मॉस्कोला गेले आणि सोव्हिएत टी-३ टोकामॅकच्या तापमानाचा दावा खरा ठरला.

माझी चूक

आता कबुलीजबाब. आमच्या प्रोजेक्टमध्ये काचेचा छोटा चेंबर होता, आत आर्गॉन, मध्ये एक टंगस्टनचा प्रोब. प्रोब आणि चेंबर लॅबमधल्या सरांचा, डेटा आणि कोड माझा. व्होल्टेज एकदा खालून वर न्यायचो, एकदा वरून खाली. दोन्ही आलेख थोडे वेगळे यायचे. मला वाटलं नॉइज असेल, म्हणून कोडमध्येच दोघांची सरासरी घेतली. रेषा सुंदर बसली, आर-स्क्वेअर ०.९८. तापमान आलं ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. रिपोर्टमध्ये छापूनही टाकलं.

सबमिशनच्या चार दिवस आधी सरांनी आकडा बघितला आणि एवढंच विचारलं, “जाताना आणि येताना, दोन्ही कर्व्ह वेगळे काढून बघितलेस का?”

काढले. ते एकमेकांवर बसतच नव्हते. मधे स्पष्ट फट होती. सर म्हणाले, “प्रोब मळलाय. तू तो मळ सरासरीत लपवलास.”

प्रोबच्या टोकावर इन्सुलेटिंग थर बसला होता. हा थर म्हणजे मधे घातलेला एक जास्तीचा रेझिस्टर आणि कपॅसिटर. लावलेला सगळा व्होल्टेज धातूच्या पृष्ठभागावरून प्लाझ्मापर्यंत पोचत नाही, काही थरातच पडतो. त्यामुळे चढ आडवा पसरतो आणि तापमान जास्त दिसतं. थर चार्ज व्हायला वेळ लागतो म्हणून जातानाचा आणि येतानाचा आलेख वेगळा. सरांनी प्रोबला मोठा धन व्होल्टेज देऊन, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने टोक लाल होईपर्यंत तापवलं. थर जळून गेला. पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही आलेख एकावर एक. आयन करंट वजा करायचंही मी विसरलो होतो, ते केलं. नवीन आकडा २.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आधीच्या निम्म्याहून कमी.

चार दिवसांत रिपोर्टचं अर्धं प्रकरण पुन्हा लिहिलं. तेव्हापासून एक सवय लागली. कच्चा डेटा आधी डोळ्यांनी बघायचा, सरासरी नंतर. आर-स्क्वेअर फक्त सांगतो की रेषा ठिपक्यांवर बसली. ठिपके खरे आहेत का, हे तो सांगत नाही.

अवकाशातला प्रोब: इथे कुणी जाऊन पुसत नाही

प्रयोगशाळेत चेंबरची भिंत ‘ग्राउंड’ म्हणून वापरता येते. उपग्रहाला ग्राउंड नाही. तो स्वतःच प्लाझ्मात तरंगणारा एक मोठा प्रोब आहे. प्रोबने इलेक्ट्रॉन गोळा केले तर तेवढाच करंट उपग्रहाच्या अंगावरून परत प्लाझ्मात जावा लागतो. उपग्रह छोटा असेल, जसे क्यूबसॅट, तर त्याचा स्वतःचा व्होल्टेज घसरतो आणि मोजमाप सरकतं. म्हणून प्रोब छोटा आणि उपग्रहाचं उघडं धातूचं क्षेत्रफळ बरंच मोठं ठेवावं लागतं.

बाकीच्या अडचणी अशा:

• सूर्यप्रकाश. अल्ट्राव्हायोलेट किरण धातूवर पडले की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. या फोटोइलेक्ट्रॉनांचा करंट विरळ प्लाझ्मात खऱ्या सिग्नलइतका किंवा त्याहून मोठा असू शकतो.
• उपग्रहाची सावली आणि पडदा. म्हणून प्रोब लांब दांडीवर, म्हणजे बूमवर, यानापासून दूर ठेवतात.
• वेग. पृथ्वीजवळचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. व्होल्टेजची एक फेरी पूर्ण व्हायला एक सेकंद लागला, तर आलेखाचं पहिलं आणि शेवटचं टोक साडेसात किलोमीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या जागांचं असतं. यावर ऑस्लो विद्यापीठातल्या गटाने वेगळा मार्ग काढला. व्होल्टेज फिरवायचाच नाही. चार बारीक सुया चार ठरलेल्या व्होल्टेजवर ठेवायच्या आणि चारही करंट एकाच वेळी वाचायचे. घनता सेकंदात हजारो वेळा मिळते.
• मळ. माझ्या चेंबरमधला प्रश्न इथेही आहे, फक्त सर इथे नाहीत. म्हणून सोनं किंवा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा देतात, काही प्रोब उड्डाणात तापवतात. जपानी संशोधकांनी तर प्रोब आधी भाजून काचेच्या नळीत बंद करून पाठवायची आणि काच अवकाशातच फोडायची पद्धत वापरली.

भारतात याची सुरुवात जुनी आहे. केरळमधलं थुंबा चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. तिथून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं. नंतरच्या वर्षांत अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी थुंब्याच्या रॉकेटांवर लँगम्युअर प्रोब बसवून विषुववृत्तीय आयनोस्फिअरमधली इलेक्ट्रॉन घनता आणि तिच्यातले चढउतार मोजले. युरोपचे स्वार्म उपग्रह २२ नोव्हेंबर २०१३ ला सुटले, त्यांच्यावरही गोल प्रोब आहेत. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानावर ५ सेंटिमीटर व्यासाची टायटॅनियमची गोळी होती. २०१७ मध्ये यान शनी आणि त्याच्या कड्यांच्या मधून गेलं, तेव्हा शनीच्या आयनोस्फिअरवर कड्यांची सावली पडते तिथे घनता कमी होते, हे या मोजमापांतून दिसलं.

चांद्रयान-३ ची गोळी: रंभा-एलपी

हे उपकरण तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रातल्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीने बनवलं. ५ सेंटिमीटर व्यासाची धातूची गोळी, १ मीटर लांब बूमवर. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरल्यानंतर बूम उघडला. व्होल्टेज -१२ ते +१२ व्होल्ट, ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी. इलेक्ट्रॉनिक्स पिकोॲम्पिअरपर्यंतचे करंट ओळखू शकणारं. पिकोॲम्पिअर म्हणजे एका ॲम्पिअरचा एक लाख कोटीवा भाग. तुमचा फास्ट चार्जर काही ॲम्पिअर देतो, त्यावरून तुलना करा.

३१ ऑगस्टला इस्रोने प्राथमिक आकडा सांगितला: घनमीटरला सुमारे ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे घनसेंटिमीटरला ५ ते ३०. हा अंदाज चंद्रावरच्या दिवसाच्या सुरुवातीच्या काळाचा आहे, असंही तेव्हा स्पष्ट केलं होतं. पुढे २३ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२३ या काळातल्या डेटाच्या सविस्तर विश्लेषणातून आलेली घनता आहे घनसेंटिमीटरला ३८० ते ६००, आणि इलेक्ट्रॉन तापमान ३,००० ते ८,००० केल्विन. पहिल्या आकड्यापेक्षा दहा पटींहून जास्त.

बातमीचा मथळा वाचणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. मला नाही वाटत. घनसेंटिमीटरला ५०० इलेक्ट्रॉन आणि ५,००० केल्विन धरले तर त्या गोळीवर येणारा इलेक्ट्रॉन करंट साधारण ७० नॅनोॲम्पिअर भरतो. सूर्यप्रकाशाने त्याच गोळीतून उडणाऱ्या फोटोइलेक्ट्रॉनांचा करंटही दहा-वीस नॅनोॲम्पिअरच्या पटीतच असतो. दोन्ही एकमेकांत मिसळलेले येतात. शिवाय लँडरचं स्वतःचं पोटेन्शियल, खालच्या जमिनीतून उडणारे इलेक्ट्रॉन, आणि याच काळात चंद्राचं सौरवाऱ्यातून पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत जाणं. हे सगळं वेगळं काढायला वेळ लागतो. आणि बूम १ मीटरचा का, हेही आता कळेल. या घनतेला आणि तापमानाला डिबाय लांबी सुमारे २२ सेंटिमीटर येते. म्हणजे गोळी लँडरपासून चार-साडेचार डिबाय लांबी दूर आहे, पडद्याच्या बऱ्यापैकी बाहेर.

चंद्राजवळच्या या विरळ प्लाझ्माचा उपयोग काय? चंद्रावरची बारीक धूळ भारित होते आणि यंत्रांना चिकटते. पृष्ठभाग किती भारित होणार, हे भोवतालच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून आहे. पुढे तिथे माणसं आणि यंत्रं जास्त दिवस राहणार असतील, तर हा आकडा आधीच माहीत हवा.

प्रोब चालत नाही तिथे काय करतात?

नासाच्या पार्कर सोलर प्रोबवर फॅराडे कप आहे. हा कप उष्णतारोधक ढालीच्या मागे न लपता थेट सूर्याकडे तोंड करून सौरवाऱ्यातले कण गोळा करतो. भारताच्या आदित्य-एल१ वर पापा आणि ॲस्पेक्स ही उपकरणं पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर सौरवाऱ्यातल्या कणांची ऊर्जा मोजतात.

माझं सर्वात आवडतं उदाहरण व्हॉयेजर-१ चं. त्याचं प्लाझ्मा मोजणारं मुख्य उपकरण १९८० मध्येच बंद पडलं. त्यामुळे २०१२ मध्ये यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं की नाही, हे थेट मोजता येईना. पण त्याच्याकडे १० मीटरचे दोन अँटेना होते. प्लाझ्माला धक्का बसला की त्यातले इलेक्ट्रॉन एका ठरावीक फ्रिक्वेन्सीने डोलतात, आणि ती फ्रिक्वेन्सी फक्त घनतेवर ठरते. एप्रिल-मे २०१३ मध्ये अँटेनाने सुमारे २.६ किलोहर्ट्झचा सूर पकडला. त्यावरून घनता निघाली घनसेंटिमीटरला सुमारे ०.०८. सूर्याच्या बाजूच्या विरळ प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे यान ताऱ्यांमधल्या प्लाझ्मात पोचलं होतं. मागे वळून हिशेब केल्यावर तारीख निघाली ऑगस्ट २०१२.

परत तुमच्या फोनकडे

जीपीएसच्या एल१ सिग्नलला (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे किती उशीर होतो, ते मोजायला एक युनिट आहे: एक चौरस मीटरच्या उभ्या खांबात १ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. एका युनिटमागे सुमारे १६ सेंटिमीटरची चूक. असे १०० युनिट झाले तर १६ मीटर. म्हणजे तुम्ही सर्व्हिस रोडवर आणि मॅप म्हणतो हायवेवर! भारतावरून आयनोस्फिअरचा विशेष दाट पट्टा जातो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जास्त जाणवतो.

एल१ आणि एल५ असे दोन बँड घेणारा फोन हे बऱ्यापैकी दुरुस्त करतो. एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) ला त्याच वाटेत सुमारे १.८ पट उशीर होतो. दोघांतला फरक बघितला की मूळ चूक काढता येते. एकाच बँडच्या फोनला मात्र आयनोस्फिअरच्या मॉडेलवर विसंबावं लागतं. आंतरराष्ट्रीय संदर्भ मॉडेलमध्ये जमिनीवरची रडार आणि आयनोसाँड यांच्यासोबत रॉकेट-उपग्रहांवरच्या प्रोबांची मोजमापंही वापरलेली आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

• लँगम्युअर प्रोब म्हणजे प्लाझ्मात घातलेला धातूचा इलेक्ट्रोड. व्होल्टेज फिरवून करंट मोजतात.
• चढाच्या उतारावरून तापमान, सॅच्युरेशन करंटवरून घनता, गुडघ्यावरून प्लाझ्मा पोटेन्शियल.
• प्रोबचा आकार, बूमची लांबी आणि सिद्धांत हे डिबाय लांबी ठरवते.
• मळ, रेडिओ लहरी, सूर्यप्रकाश आणि उपग्रहाचा स्वतःचा व्होल्टेज हे चार मोठे शत्रू.
• जाताना आणि येताना, दोन्ही आलेख वेगळे बघा. ते जुळत नसतील तर आकडा छापू नका.